नवं कोरं कापड कापून केलेलं पांघरूण 'रशियन परंपरा' कसं?

सुईदोरा
डॉक्टरकीसाठी सहा वर्षं रशियात होते. वसतिगृह सांभाळणाऱ्या आजींच्या पलंगावर 'लस्कूत्नये अदियाला' असायचं. लस्कूत म्हणजे चिंधी, अदियाला म्हणजे पांघरूण. त्यात नवऱ्याच्या चौकड्याच्या शर्टाचे तुकडे होते, लेकीच्या सोव्हिएत शाळेतल्या तपकिरी गणवेशाचे, आईच्या फुलाफुलांच्या झग्याचे. आजी एकेका तुकड्यावर बोट ठेवून माणसं सांगायच्या.

आता ऑनलाइन 'रशियन पॅचवर्क'चे वर्ग बघते. बायका कोरं सुती कापड मीटरवर आणतात, फिरत्या पात्याच्या कटरने एकसारखे चौकोन पाडतात आणि तेच पुन्हा जोडतात. धडधाकट कापड कापायचं आणि त्याला शेतकरी बायकांचा वारसा म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. जे काम काटकसरीतून जन्मलं, त्यातली काटकसरच काढून टाकली तर राहिलं काय?

चीटवाला
काटकसरीचं अर्धंच खरं आहे. खेड्यातल्या मागावर विणलेल्या लिननचा पन्हा साधारण 40 सेंटिमीटर. जुना रशियन सदरा त्या पन्ह्यातून सरळ आयत काढून बेतलेला असे, वाया जवळजवळ काही जात नसे. कातरणं साठायला लागली ती गिरणीचं रुंद कापड आल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. इवानोवोच्या गिरण्यांचं स्वस्त छापील सुती कापड, म्हणजे सीतेत्स, खेडोपाडी पोचलं आणि रंगीत चौकोनांची पांघरुणं घरोघर दिसू लागली. तुम्ही जिला जुनी परंपरा म्हणता ती गिरणीच्या पोटी जन्मली आहे. पुढे सोव्हिएत दुकानांत 'मेर्नी लस्कूत' नावाने गिरणीचे उरलेले तुकडे विकतच मिळत. विकतच्या कापडाने हे काम बाटत नाही.

जाता जाता: सीतेत्स हा शब्द रशियनमध्ये डच 'सिट्स'वरून आला आणि त्याचं मूळ भारतात, आपल्या चीट-छींटेच्या कुळात. तुमच्या आजींच्या पांघरुणाचं आपल्याशी एवढं नातं आहेच.

सुईदोरा
चीटचं माहीत नव्हतं, छान वाटलं. पण गिरणीत उरलेला तुकडा वेगळा आणि मुद्दाम पाडलेला वेगळा. तुकडा जोडायची रीतही गिरणीच्या आधीची आहे. सदऱ्याच्या काखेत हात मोकळा हलावा म्हणून चौकोनी तुकडा घालत, त्याला 'लास्तवित्सा' म्हणत. तो बरेचदा कुमाचचा, म्हणजे लाल सुती कापडाचा असे. महागडं लाल कापड थोडंच मिळायचं, म्हणून जिथे शोभेल आणि उपयोगी पडेल तिथेच लावायचं. हा हिशेब मला हवा आहे.

वाकळ
सुईदोराताईंशी सहमत. आमच्या कोल्हापूरकडच्या वाकळेत जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने घट्ट बसवतात. रशियन पांघरुणात वरचं अंग आधी तुकडे जोडून करतात. रीत वेगळी, पण अंगावर घेतल्यावर आपलं माणूस जवळ आल्यासारखं वाटतं ते वापरलेल्या कापडानेच.

उत्तरवाट
मी पूर्ण विरोधात. हे सगळं लांबून गोड दिसतं. ज्यांनी ती पांघरुणं घेतली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना सोव्हिएत काळात त्यांची लाज वाटायची. युद्धाची, टंचाईची खूण ती. पैसे आले की दुकानातलं पांघरूण आणायचं आणि चिंध्यांचं गावाकडच्या घरात टाकायचं. हे काम दिमाखात भिंतीवर आलं ते हौसेने शिवणाऱ्या बायकांमुळे. इवानोवोत 1997 पासून 'रशियाची लस्कूत मोझाइक' हा महोत्सव भरतो. तिथे नवं कापड वापरणाऱ्यांना दाराबाहेर ठेवलं असतं तर आज बोलायला काही उरलं असतं का?

आणि सगळंच गरिबीतून आलेलं नाही. सतराव्या शतकातल्या चर्चच्या सुधारणा न मानणारे जुन्या श्रद्धेचे लोक प्रार्थनेत दंडवत घालताना हात जमिनीला लागू नयेत म्हणून 'पद्रूच्निक' नावाची छोटी चौकोनी गादी वापरतात. ती तुकडे जोडून, नीट मांडणी करून शिवलेली असते. ती शिवणारीच्या मनात काटकसर नसते, शुचिता असते.

रंगरेषा
'रशियन' म्हणताना जरा जपून. चित्रकार सोनिया दलोने 1885 मध्ये आजच्या युक्रेनमध्ये जन्मली, सेंट पीटर्सबर्गला वाढली. 1911 मध्ये पॅरिसमध्ये तिने तान्ह्या मुलासाठी, शार्लसाठी, तुकड्यांचं पांघरूण केलं, शेतकऱ्यांच्या घरांत पाहिलेल्या पांघरुणांसारखं. तिची ती आठवण कुठे 'रशियन शेतकरी' म्हणून छापतात, कुठे 'युक्रेनी'. त्या पांघरुणातूनच तिची अमूर्त चित्रकला फुलली. कापड जुनं होतं की नवं, हे तिथे कुणी विचारत नाही.

सुईदोरा
पद्रूच्निकचा मुद्दा मान्य, तिथे मी चुकले. लाजेचंही खरं असेल. आजींनी ते पांघरूण पाहुण्यांसमोर कधी पसरलं नाही, हे आत्ता लक्षात येतंय. पण कोऱ्या कापडाच्या चौकोनांना 'आजीचा वारसा' म्हणून विकू नका, एवढं माझं मागणं राहीलच. नक्षीकाम म्हणा, मी कौतुक करीन.

चीटवाला
नावाबद्दल भांडण नाही. मग जुन्या कपड्यांचीच रीत हवी तर ल्यापोचिखा करून बघा. पायाला जाड कापड घ्यायचं, त्यावर जुन्या कपड्यांच्या पट्ट्या एका कडेने ओळीओळीने शिवायच्या, दुसरी कडा मोकळी सोडायची. झुपकेदार बैठक होते. जुने टी-शर्ट उत्तम, विणीचं कापड सुटत नाही.

सुईदोरा
बाबांचे सात-आठ टी-शर्ट कपाटात तसेच आहेत. पट्टी किती रुंद घेऊ?

चीटवाला
दोन बोटं. खालच्या ओळीपासून सुरुवात करा, म्हणजे वरची ओळ खालची शिवण झाकते.