कर्जाच्या कागदावर सही केली म्हणजे निर्णय 'स्वतःचा' झाला का?

हिशेबवही:
मी तालुक्याला एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघते. परवा एका मावशींकडे गेले होते, तीन हप्ते थकलेत. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला आणि मलाच म्हणाल्या, "यात काय लिवलंय तेवढं वाचून दाव बाई." सही त्यांचीच, एकेक अक्षर सावकाश काढलेलं. मालकांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा घेतलेलं कर्ज. बीकॉमला आम्हाला शिकवलं की माणूस सगळे पर्याय तोलतो, स्वतःचा फायदा बघून ठरवतो आणि मग ठरवलं त्याची जबाबदारी त्याची. पण त्या रात्री मावशींपुढे दुसरा पर्याय होता कुठे? ऑफिसात विचारलं तर "भावनिक होऊ नकोस" म्हणाले, म्हणून इथे विचारतेय.

बांधावरून:
ताई, राग मानू नका पण मला हे पटत नाही. माझ्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज बैलजोडी विकून फेडलं. त्यांना कुणी "बिचारा, त्याला काय कळतंय" म्हटलेलं अजिबात खपलं नसतं. गरिबाची जबाबदारी काढून घेतली की त्याचा मानही जातो. आणि 2008 च्या कर्जमाफीत ज्यांनी वेळेवर भरलं होतं त्यांच्या हातात काय आलं, ते आम्ही घरात बघितलंय.

खडूफळा:
दादा, अक्कल नाही असं कुणीच म्हणत नाहीये. हर्बर्ट सायमनना 1978 ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचं म्हणणं एवढंच की कुठल्याच माणसाकडे, अगदी मोठ्या कंपनीच्या साहेबाकडेही, सगळी माहिती आणि सगळा वेळ नसतो, तो आहे त्यात भागेल असा निर्णय घेतो. 2013 मध्ये तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास आला होता. त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी हात आखडलेला असताना आणि उसाचे पैसे आल्यावर अशा दोन्ही वेळा कोडी सोडवायला दिली, पैसे आल्यावर ती जास्त चांगली सुटली. माणूस तोच, डोकं तेच, फक्त डोक्यावरचा भार वेगळा.

आणि तुमच्या वडिलांनी बैल विकले ते तरी 'स्वतःचा फायदा' या हिशेबात कुठे बसतं? अमर्त्य सेन यांनी 1977 च्या एका लेखात यालाच बांधिलकी म्हटलंय, नुकसान सोसूनही माणूस दिला शब्द पाळतो. मला तर तेच खरं स्वातंत्र्य वाटतं.

जुनी_कागदपत्रं:
हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 ला संपलं, युद्धामुळे आपल्याकडे चढलेला कापसाचा भाव पडला आणि त्यातच शेतसारा वाढवलेला. 12 मे 1875 ला सुप्याला लोक सावकारांवर चालून गेले. पुणे-नगरकडे गावोगाव त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर, म्हणजे सावकाराने लिहून घेतलेल्या कर्जाच्या कागदांवर होता, रोखे ओढून काढायचे आणि जाळायचे. कारण कोर्टात सही नाहीतर अंगठा दाखवला की विषय संपला, आत काय लिहिलंय हे कर्ज घेणाऱ्याला माहीत होतं का हे कोणी विचारायचं नाही. 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला तेव्हा न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासावा लागायला लागला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही बंद झालं. देणं मात्र बुडालं नाही बरं का, खरं किती निघतं ते ठरवून द्यायचंच होतं. माझ्या मते ताईंच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे, जबाबदारी मावशींची आहेच, पण अडलेल्या माणसाला न वाचता सही करू देणाऱ्याचीही आहे.

बांधावरून:
हे पटलं. आमची आजी दामदुपट म्हणायची, व्याज मुद्दलाच्या वर चढू द्यायचं नाही. म्हणजे देणाऱ्यालाही मर्यादा होतीच की.

हिशेबवही:
सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी परत जाते आणि मावशींना अख्खा कागद वाचून दाखवते. त्या पैसे बुडवणाऱ्यातल्या नाहीत, दोन शेळ्या विकायला काढल्यात म्हणाल्या. दंडव्याज कमी करून हप्ते नव्याने पाडून घ्यायचे तर अर्ज कसा लिहायचा, कुणाकडे नमुना असेल तर टाका.