मदत हवी आहे : चांगल्या जादूगाराच्या अंगी नेमके काय असावे लागते?

सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत जादूचे खेळ पाहून माझ्या पुतण्याला, जो सध्या नववीत आहे, या कलेचा नाद लागला असून तो मन लावून सराव करतो. मात्र त्याची पारख कोणत्या गुणांवर करावी, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

हातचलाखी त्याला बऱ्यापैकी साधली आहे. नाणे डाव्या हातात दिल्याचा आव आणून ते उजव्या तळव्यात दडवताना बोटे सैल राहतात, पण नजर नेमकी उजव्या हाताकडेच वळते आणि सगळे बिंग फुटते. ही सवय कशी मोडावी?

शिवाय बोलण्याचे आणि वेळ साधण्याचे काय? १९५६ साली बीबीसीवर पी. सी. सरकार यांनी मुलीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला, त्यानंतर लगेचच कार्यक्रम संपला आणि घाबरलेल्या प्रेक्षकांनी दूरध्वनींचा भडिमार केला. हा परिणाम निव्वळ साहित्याच्या जोरावर साधत नाही, असे मला वाटते. (महागड्या पेट्या विकणाऱ्यांना हे पटणार नाही.) पुतण्या मुळात अबोल आहे. अशा मुलाने मूकपणे, केवळ संगीताच्या साथीने प्रयोग करावेत, की बोलण्याची तयारी आधी करावी? सोलापुरात किंवा जवळपास कोणी शिकवत असल्यास कृपया कळवावे.