मदत हवी आहे: केळीवरच्या हरण्या रोगासाठी परिकल्पना कशी लिहू?

नमस्कार. मी वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. गाव रावेर तालुक्यात, घरची केळी. मागच्या पावसाळ्यात लावलेल्या बागेतली जवळपास निम्मी खोडं हरण्यामुळे, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस, काकडीवरही येणारा विषाणू) या विषाणूमुळे, उपटावी लागली. पानांवर पिवळे पट्टे, आणि पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) हातात घेतला की सडलेला. बाबा ती रोपं पोत्यात भरून बांधावर नेत होते, तेव्हाच प्रकल्पाचा विषय ठरला.

पण परिकल्पनेपाशी अडले आहे. सरांनी तीनदा परत पाठवली. पहिली होती, "हवामान बदलामुळे हरण्या वाढला आहे." एका हंगामात हे तपासणार कसं, असं सरांनी विचारलं. पटलं. दुसरी, "काकडीवर्गीय पिकांचा हरण्यावर परिणाम होतो." कोणता परिणाम, आणि मोजणार काय? तेही पटलं. तिसरी मला आवडली होती: "जवळ काकडी किंवा गिलकी असतील तर केळीवर हरण्या येऊ शकतो." सरांनी "शकतो"भोवती लाल गोल केला आणि म्हणाले, हे वाक्य खोटं कधी ठरेल ते लिहून आण. दोन दिवस तेच डोक्यात आहे. रोग आला तरी वाक्य खरं, नाही आला तरी खरंच!

त्यात बाबा म्हणतात, "काकडीचं काय घेऊन बसलीस, रोपंच खराब आली होती." त्यांचं चूक आहे हे कशावरून म्हणू?

शिवाय गृहीतक आणि परिकल्पना एकच का? आणि परिकल्पना चुकली तर वर्ष वाया जातं का?

प्रतिसाद

ताई, बाबांचं म्हणणं टाळू नका, ते तुमच्या खूप कामाचं आहे. दोष रोपांचा असेल, तर एकाच खेपेची रोपं काकडीजवळ लावा की लांब, हरण्या सारखाच दिसेल. दोष काकडीचा असेल, तर तीच रोपं जवळ जास्त बिघडतील, लांब कमी. दोन कारणांमधून दोन वेगळे अंदाज निघतात, तिथेच परिकल्पनेला धार येते.

अंतर घेण्यामागे कारणही आहे. हा विषाणू मावा ही रस शोषणारी कीड पसरवते. ती तो काही सेकंदांत उचलते, पण तो तिच्या सोंडेवर फार वेळ टिकत नाही. म्हणून जवळच्या बागेला धोका जास्त असावा. हे कारण प्रस्तावात लिहा, नुसता अंदाज लिहू नका.

गृहीतक म्हणजे आपण तपासायला न घेता मानून चाललेली गोष्ट, जसं की डोळ्यांनी ओळखलेला हरण्या हा हरण्याच आहे. परिकल्पना म्हणजे जी तपासायची ती. बोलताना लोक दोन्हींची सरमिसळ करतात, प्रबंधात करू नका.

शून्य परिकल्पनाही लिहा: अंतराने काही फरक पडत नाही. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३५ च्या पुस्तकात ८ कप चहाचं उदाहरण दिलंय. दूध आधी घातलं की नंतर, हे चवीवरून ओळखते असं एक बाई म्हणते. ४ कपांत दूध आधी, ४ कपांत नंतर. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर ओळखण्याची शक्यता ७० मध्ये १. आधी "काहीच फरक नाही" असं धरायचं, मग मोजणी तसं म्हणू देते का ते बघायचं.

एक चूक मात्र फार जण करतात. एका बागेतली हजार खोडं मोजली तरी तो नमुना एकच. तिथे माती, पाणी, फवारणी सगळं सारखं असतं. बागा वाढवा, खोडं कमी मोजा.

वर्ष वाया जात नाही. फरक दिसला नाही तर शेजारच्या काकडीवरचा संशय कमी होतो, तेही शेतकऱ्याच्या उपयोगाचंच.

धागालेखिका

खूप आभार दादा. आता असं लिहिलंय: "एकाच खेपेची, एकाच आठवड्यात लावलेली टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं घेतल्यास, काकडीवर्गीय पिकापासून ५० मीटरच्या आतील बागांमध्ये ६० व्या दिवशी हरण्याग्रस्त खोडांचं प्रमाण ३०० मीटरपलीकडच्या बागांपेक्षा जास्त असेल." बाबांनी वाचलं आणि त्या खेपेची रोपं कुणीकुणी नेली ते सांगायला बसले. सावद्यापर्यंत ९ बागा निघाल्या, ४ जवळच्या, ५ लांबच्या. एवढ्या पुरतील का, की अजून शोधू?