मदत हवी आहे : क्लॅप्टनची बाजू कशी मांडू?

मंडळी, जळगावात आमच्या गिटारवाल्या मित्रांत ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनवरून जोरात जुंपली आहे. १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून तो स्थलांतरितांविरुद्ध नको ते बोलला. त्यातूनच ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ चळवळ उभी राहिली. त्याचा राग मलाही येतो. पण म्हणून त्याचं वाजवणंही उगाच गाजवलेलं, असं मित्र म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही! साठच्या दशकातल्या त्याच्या ‘क्रीम’ बँडच्या काळातला त्याचा आवाज ऐका. गिब्सन गिटारचा टोन नॉब (सुराची धार कमी-जास्त करणारं बटण) खाली, अ‍ॅम्प फुल्ल, आणि तार ओढली की सूर भरदार गळ्यासारखा लांबतो. अमेरिकन ब्लूज गिटारवादक फ्रेडी किंगकडून त्याने काय उचललं, हे स्पष्ट कळेल अशी लाइव्ह रेकॉर्डिंग्ज कोणी सुचवेल का? धुळे-भुसावळकडच्या जाणकारांनीही सांगा. रविवारी शेतात भरीत पार्टी आहे, तिथेच सगळ्यांना ऐकवायची आहेत.