मनगटाच्या ऑपरेशनसाठी अख्ख्या माणसाला झोपवायचं कशाला?

धागा : गेल्या महिन्यात माझ्या मोडलेल्या मनगटात प्लेट बसवली. भूल फक्त हाताला. काखेत सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तेव्हा पडद्यावर धमनी उडताना दिसत होती, तिच्या भोवतीच्या नसांपाशी (रक्ताच्या नव्हे, संवेदनांच्या) डॉक्टरांनी औषध सोडलं. यालाच ब्लॉक म्हणतात. वीस-पंचवीस मिनिटांनी "हात उचला" म्हणाले, तर बोटसुद्धा हलेना. सिस्टरनी हात उचलून फळीवर ठेवला, तो मला माझा वाटेचना! घशात नळी नाही, नंतर मळमळ नाही, तासाभरात चहा प्यायले. कोपराखालच्या ऑपरेशनला आधी ब्लॉकचाच विचार व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद १ : अजिबात पटलं नाही. मलाही ब्लॉकच दिला होता. रक्त थांबवायला दंडावर आवळलेला पट्टा तासाभरात असह्य झाला आणि शेवटी झोपवावंच लागलं. ड्रिलचा आवाज ऐकत पडून राहणं सगळ्यांना झेपत नाही. खरा त्रास तर घरी गेल्यावर झाला. मध्यरात्री ब्लॉक उतरला आणि कळ अशी उसळली की गोळी लागू पडेपर्यंत रडत होतो. पुन्हा वेळ आली तर पूर्ण भूलच मागेन.

प्रतिसाद २ : मी भूलतज्ज्ञ आहे. पट्ट्याचं दुखणं खरं आहे. दंडाच्या आतल्या बाजूच्या त्वचेची एक नस काखेतल्या ब्लॉकमधून सुटते, शिवाय दाबलेला स्नायूही दुखतो. पण मध्यरात्रीची कळ हा ब्लॉकपेक्षा आमच्या सांगण्यातला दोष. हात बधिर असतानाच गोळ्या सुरू करायच्या, हे रुग्णाला घरी जाताना बजावून सांगायला हवं.

धागाकर्तीलाही एक सांगतो. खांद्यासाठी मानेतून दिलेल्या ब्लॉकने त्या बाजूचा श्वासपटल (फुप्फुसाखालचा श्वासाचा स्नायू) बहुतेक वेळा काही तास लुळा पडतो. फुप्फुसं अधू असतील तर ते महागात पडतं. औषध चुकून रक्तात गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. नसेला कायमची इजा क्वचित होते, पण होते. ब्लॉक अपुरा पडला तर झोपवावं लागतं, म्हणून उपाशीपोटीच यायचं. हाताच्या शस्त्रक्रियांवरच्या 2004 च्या एका अभ्यासात ब्लॉकवाल्यांना हॉस्पिटलमधून घरी सोडेपर्यंत दुखणं आणि मळमळ कमी होती, पण दोन आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले.

प्रतिसाद ३ : माझ्या सहा वर्षांच्या मुलाचं कोपर मोडलं होतं. तो हलल्याशिवाय राहिला असता का? पूर्ण भूलच दिली. ब्लॉक मुद्दामच टाळला, कारण अशा फ्रॅक्चरमध्ये सूज वाढून आतला दाब चढला तर वाढतं दुखणं हीच पहिली खूण, आणि बधिर हात ती लपवू शकतो. शिवाय नस दुखावली आहे का, हे सर्जनना त्याच्याकडून बोटं हलवून घेऊन पाहायचं होतं. दर तासाला ते "अंगठा वर कर" म्हणायचे.

धागाकर्ती : लहान मुलांचं आणि खांद्याचं मान्य, "कोपराखालच्या" हा शब्द मी म्हणूनच लिहिला होता. पण प्रतिसाद १, तुम्हाला गोळीची वेळ कोणी सांगितलीच नव्हती का? मला नऊ वाजता, हात झोळीत ओंडक्यासारखा पडलेला असतानाच गोळी घ्यायला लावली होती. दोनच्या सुमारास करंगळीला मुंग्या आल्या, मग अंगठा हलला. दुखलं, पण सकाळपर्यंत झोप लागली.