गिऱ्हा, गरी आणि 'कुठे चाललास?'

पाऊणपट
काल एका गृहस्थांनी लिहिलं: "गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणाऱ्यांच्या गिऱ्ह्याच्या (पाण्यातल्या भुताच्या) गोष्टी, पहिला मासा पाण्यात सोडणं, नारळी पौर्णिमेआधी समुद्रावर न जाणं, हे सगळं अडाणीपण. पोरांना भरतीचं अ‍ॅप द्या आणि हे थोतांड बंद करा." वाचून डोकंच फिरलं. उत्तर लांबणार म्हणून वेगळा धागा काढतोय.

गिऱ्हा असतो असं मी म्हणत नाही. पण गोष्ट काय सांगते बघा. रात्री ओळखीच्या आवाजात हाक येते, "चल, मासे लागलेत." माणूस मागोमाग जातो. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला. परत फिरायला बघतो तर वाट नाही. आता अमावस्येच्या उधाणाला खडपावर, किनाऱ्याच्या कातळावर, उभे राहा. भरतीचं पाणी आधी तुमच्या पाठीमागची घळ भरतं. पायाखालचा कातळ कोरडाच असतो, गरीला तांबोशी मासा झटके देत असतो, लक्ष सगळं दोरीवर. मागची वाट कधी बुडाली ते कळतही नाही. ज्याने ही गोष्ट रचली त्याने हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

भरतीची वेळ आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करून सांगायचे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. थोडं इकडेतिकडे व्हायचं, पण फार नाही. अ‍ॅप वापरा की. पण कुठली घळ आधी भरते ते अ‍ॅपला माहीत नसतं, गोष्टीला असतं.

रात्रपाळी
अहो, तुमच्या या गोष्टींनी माणसं वाचतात तशी मरतातही. माझा मामेभाऊ संध्याकाळी गरी घेऊन निघाला. आमच्यात गरवायला निघालेल्याला "कुठे?" विचारायचं नाही, मासा लागत नाही म्हणे. मामी दारात उभी होती, तिने विचारलं नाही. रात्री तो आला नाही, तेव्हा खाडीच्या बाजूला गेला की खडपावर, हे घरात एकालाही सांगता येईना. अर्धे लोक एकीकडे, अर्धे दुसरीकडे. त्यातच दोघं भगताकडे गेले, कौल लावायला. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर कुणाच्याच डोक्यात आला नाही. सकाळी सुकतीला, ओहोटी लागल्यावर, तो सापडला. कसा, ते लिहीत नाही.

तेव्हा ती घळीची थिअरी मला नका सांगू. मामी अजून म्हणते, "त्याला गिऱ्ह्याने नेला." दोष गिऱ्ह्यावर गेला की पुढच्या पोराला बॅटरी, शिट्टी, जोडीदार यातलं काहीच मिळत नाही.

खलाशाचा_मुलगा
दोघंही गळवाले, सुट्टीचे मासेमार. नारळी पौर्णिमेवर बोलायचा हक्क आमचा. सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै. १ ऑगस्टला मोठ्या बोटी सुटतात. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि पौर्णिमा गेली थेट ३० ऑगस्टला. आमच्या वडिलांनी नारळ वाहिल्याशिवाय होडी ढकलली नाही. महिनाभर किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या बोटी भरून येताना बघत राहिले. श्रद्धा पाळणारा उपाशी आणि न पाळणारा मालामाल, हे तुमच्या पूर्वजांच्या शहाणपणात कुठे बसतं?

आणि एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर कुणी का बोलत नाही? २०१७ पासून बंदी आहे. तरी रात्री बंदरावर उभं राहिलं की क्षितिजावर दिवेच दिवे. पूर्वी म्हातारे सांगायचे, पाण्यावर उजेड दिसला तर होडी वळवा, ते चांगलं नसतं. आता तो उजेड जनरेटरवर चालतो आणि लहानमोठं सगळं ओढून नेतो.

पाऊणपट
रात्रपाळी, तुमच्या घरावर जे आलं त्यापुढे मी वाद घालत नाही. खलाशीदादा, एलईडीचं शंभर टक्के मान्य. पण तुमच्याच बोलण्यातून निघतं की सगळे पौर्णिमेपर्यंत थांबले असते तर तुमच्या वडिलांवर ती वेळ आली नसती. पापलेटाला २०२३ मध्ये राज्यमासा केलं, ५४ जातींना किमान आकार ठरवून दिला. का? पिल्लं धरून धरून संपत आली म्हणूनच ना? श्रावण पाळणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

सागरगोटी
वाह. गिऱ्हा झाला, नारळ झाला, पापलेट झालं. ज्या समजुतीने अर्ध्या घरावर बंदी आहे तिचं नावही नाही. बाईने होडीत चढू नये. बाईने जाळं ओलांडू नये. पाळीत असेल तर किनाऱ्यावर यायचंच नाही. मला भाऊ नाही. बाबांना पाठीचं दुखणं लागल्यावर मी म्हटलं, मी येते सोबत. होडी हाकणारा तांडेल म्हणाला, "पोरगी चढली तर मी उतरतो." होडी शेवटी विकली. ही कुठल्या घळीची सूचना होती, सांगा.

खलाशाचा_मुलगा
ताई, त्यात अपमान नसतो. होडीवर आडोसा नाही, चार-चार दिवस समुद्रात, सोयच नाही. म्हणून पडलेली रीत ती.

सागरगोटी
सोय नाही तर सोय करा, रीत कशाला? आणि आमची होडी चार दिवस कुठे जायची? पहाटे जाऊन दुपारी परत! केरळात के. सी. रेखा नवऱ्याबरोबर खोल समुद्रात मासेमारी करतात, रीतसर परवाना घेऊन. २०१७ मध्ये त्यांचा जाहीर सत्कारही झाला. समुद्र कोपला का? इथे गुडघाभर चिखलात उतरून कालवं फोडणाऱ्या बायकाच ना? बाजारात पाटी घेऊन बसते ती कोण? मासा विकताना बाई चालते, धरताना विटाळ?

खलाशाचा_मुलगा
तुम्ही आमच्या समाजाला शिकवू नका.

सागरगोटी
तुमच्या? मी कुठून आलेय असं वाटलं तुम्हाला? माझ्या आजीने तुमच्यासारख्यांची जाळी विणली आहेत, रात्र-रात्र. विणून झालेलं जाळं तिनेच ओलांडलं की बाटतं, हे मला सातव्या वर्षीही पटलं नव्हतं.

चांदणीपाग
मध्येच बोलतो. थंडीत रात्री पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकला आणि पाणी निळं पेटलं, जाळ्याचा प्रत्येक दोरा वेगळा दिसला. सोबतचा माणूस पाग तिथेच टाकून पळाला. तो नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव, पाणी हललं की चमकतो, हे मला नंतर कळलं. कळल्यावरही पुढच्या वेळी अंगावर काटा यायचा तो आलाच. भीती ठेवा, पण तिचा नियम करून दुसऱ्यावर लादू नका, एवढंच म्हणणं आहे.

रात्रपाळी
भीती ठेवा म्हणायला सोपं आहे. आमच्या वाडीत आजही "कुठे?" विचारत नाहीत.

पाऊणपट
ठीक. विचारू नका, पण जाणाऱ्याने स्वतः सांगून जावं: कुठलं खडप, कितीची भरती, कितीला परत. ही रीत मोडायला माझी ना नाही. होडीवरच्या बायकांचं सागरगोटी म्हणतात तेही खरं, तिथे बचाव करण्यासारखं काही नाही. गिऱ्ह्याची गोष्ट मात्र मी माझ्या पुतण्यांना सांगणार, आणि घळ दाखवूनच सांगणार.

सागरगोटी
पुतण्यांना सांगणार. पुतणीला?

पाऊणपट
तिलाही. खडपावर नेऊन.

खलाशाचा_मुलगा
खडपावर न्या नाहीतर घरी बसवा. पण एलईडीवर अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.