‘किंग काँग’ (२००५) : चित्रपटावरचा हा गेम आज खेळण्यासारखा आहे का?

अर्धाकप :
पीटर जॅक्सन यांचा २००५ सालचा ‘किंग काँग’ मी अनेकदा पाहिला आहे. त्याच वर्षी युबीसॉफ्ट या गेम कंपनीने त्यावर काढलेल्या गेमची डिस्क परवा माळा आवरताना हाती लागली. चित्रपटावरून बेतलेल्या गेमविषयी माझे मत फारसे चांगले नाही. प्रदर्शनाची तारीख गाठायची म्हणून ते घाईने उरकलेले असतात, आणि चित्रपटातले चार प्रसंग ओवून मधल्या जागा मारामारीने भरण्यापलीकडे त्यांत काही सापडत नाही. हा गेमही चित्रपटाच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबरमध्येच बाजारात आला होता. तरीही तो वेगळा आहे असे जुने खेळाडू आवर्जून सांगतात, ते का? त्याच्या जमेच्या आणि उणिवेच्या बाजू ज्यांनी तो पूर्ण खेळला आहे त्यांच्याकडून समजून घ्यायच्या आहेत. शेवट सांगितलात तरी माझी हरकत नाही. काँगचे शेवटी काय होते हे जगाला १९३३ च्या मूळ चित्रपटापासून ठाऊक आहे.

रानवाट :
वेगळेपण पहिल्या पाच मिनिटांतच कळते, कारण पडद्यावर काहीही नसते. जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी नाही, गोळ्यांचा आकडा नाही, नकाशा नाही, नेम धरण्याची फुलीसुद्धा नाही. आपण चित्रपटाचा नायक जॅक ड्रिस्कॉल याच्या डोळ्यांनी स्कल आयलंड, म्हणजे काँगचे बेट, पाहत असतो. बंदुकीत किती गोळ्या शिल्लक आहेत हे जाणून घ्यायचे तर एक कळ दाबावी लागते, आणि मग जॅक स्वतःच तोंडाने सांगतो (आवाज चित्रपटातल्याच एड्रियन ब्रॉडी यांचा आहे). एखाद्या प्राण्याने तडाखा दिला की पडदा लालसर होतो, आवाज दबल्यासारखे होतात, आणि त्याच अवस्थेत दुसरा तडाखा बसला तर खेळ संपतो. किती जीव उरला आहे याचा हिशेब करण्याची सोयच नसल्यामुळे आपण खरोखर पळू लागतो.

ही कल्पना मिशेल आन्सेल यांच्या चमूची. ‘रेमन’ आणि ‘बियाँड गुड अँड ईव्हिल’ हे गेम त्यांचेच. यांपैकी दुसरा जॅक्सन यांना आवडला होता आणि त्यामुळेच हे काम त्यांच्याकडे गेले. चित्रपटातील प्रसंग जसेच्या तसे उतरवण्यापेक्षा ते बेट राहण्याजोगे, किंबहुना मरण्याजोगे, करण्यावर त्यांनी भर दिला आहे. गोळ्या संपल्या की जमिनीवर पडलेले हाड किंवा भाला उचलायचा. भाल्याच्या टोकावर एखादी अळी किंवा चतुर टोचून लांब फेकला की मोठे जनावर आपल्याला सोडून त्याच्या मागे जाते, आणि तेवढ्यात आपण निसटतो. भाल्याचे टोक पेटत्या कुंडात धरून तो वाळलेल्या गवतात फेकला तर मागावर आलेला कळपच्या कळप भाजून निघतो. फक्त त्या गवतात आपण उभे नसावे, हे मी दोनदा मरून शिकलो.

हिशेबनीस :
रानवाट यांच्या कौतुकाशी मी सहमत आहे, पण त्यांनी दरवाज्यांचा विषय सोयीस्करपणे टाळला आहे. बेटावरची मोठमोठी लाकडी दारे उघडण्यासाठी खांबांत बसवायचे दांडे लागतात, आणि त्यांतला एक हमखास गायब असतो. तो शोधून आणा, बसवा, फिरवा, पुढे चला. दार नसेल तिथे काटेरी झुडपे वाट अडवून उभी असतात. मग कुठून तरी आग आणून ती जाळा. पहिल्या दोन-तीन वेळा यात गंमत वाटते, कारण पाठीवर जनावर असते, परंतु दहाव्या वेळी आपण स्कल आयलंडवर नसून एखाद्या गोदामाची देखभाल करत आहोत असे वाटू लागते. मी हा गेम तासाला पंधरा रुपये देऊन सायबर कॅफेत खेळलो होतो. त्या वेळी एक हरवलेला दांडा शोधण्यात माझे अख्खे पंधरा रुपये गेले, हे मी अजून विसरलेलो नाही.

याहून गंभीर उणीव मात्र कथेची आहे. चित्रपटाचा जीव नायिका ॲन आणि काँग यांच्या नात्यात आहे. त्याशिवाय शेवटी इमारतीवरून पडणाऱ्या वानरासाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल? गेममध्ये आपण जॅकसोबत असल्यामुळे ते नाते आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. काँग ॲनला घेऊन जातो आणि आपण मागे धावतो, एवढेच. काँगला पकडून नेतात तो न्यूयॉर्कचा भाग तर इतका आखूड आहे की तिथे पोहोचल्यासारखे वाटेपर्यंत तो संपतो. भीती पूर्ण उतरली, दुःख मात्र निसटले, असा माझा निष्कर्ष आहे.

काठावरचा :
काँग होऊन खेळण्याच्या भागांचा उल्लेख अजून कुणी केला नाही. त्या भागांत कॅमेरा बाहेर येतो, आणि इतका वेळ ज्या व्ही-रेक्सपुढे (टी-रेक्ससारखा बेटावरचा महाकाय डायनासोर) आपण हातात हाड घेऊन थरथरत होतो, त्याचाच जबडा आपण काँगच्या हातांनी फाडतो. छाती बडवून अंगात अधिक बळ आणण्याची सोय आहे. हे भाग फार सोपे आहेत, कळा दाबत राहिले तरी निभावते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो चुकीचा नाही. तरी माझ्या मते तो सोपेपणा हवाच होता, कारण काँगला या बेटावर कुणाची भीती नाही, हे कळायला दुसरा मार्ग कोणता? हिशेबनीस म्हणतात ते दुःख मला थोडेफार इथेच सापडले.

शेवटाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. गेम संपल्यावर तेच टप्पे पुन्हा खेळून अडीच लाख गुण जमवले, तर दुसरा शेवट खुला होतो. त्यात जॅक विमान घेऊन काँगवर हल्ला करणारी विमाने पाडतो, आणि काँग आपल्या बेटावर परततो. जे चित्रपटात कधीच घडणार नाही ते करण्याची मुभा गेमने दिली, हे मला फार आवडले. पण ज्या गेमने पडद्यावर एकही आकडा दिसू दिला नाही, त्याने काँगचा जीव मात्र अडीच लाख गुणांना विकत द्यावा, ही विसंगती खटकते.

अर्धाकप :
सर्वांचे आभार. काल रात्री दिवे मालवून बसलो होतो. ॲनला दाराचा दांडा फिरवायला वेळ मिळावा म्हणून व्ही-रेक्सला भाले मारून स्वतःकडे ओढून घेण्याचा प्रसंग आहे, तिथे माझे भाले संपले, आणि तो वळून तिच्याकडे निघाला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. दारांविषयीची तक्रार मला अजून पटलेली नाही, पण आतापर्यंत चारच दारे झाली आहेत. गुण जमवण्यासाठी कोणते टप्पे पुन्हा खेळणे सोयीचे पडते, हे काठावरचा यांनी सवडीने कळवावे.